शीट नंबर दोनशे चौदा

दोघंही पिवळे.
दोघंही कमरेएवढे, एकाच वर्षाचे,
पावसावर उगवून संक्रांतीच्या आत वाळणारे.
दोघांच्याही फुलाला मागे उभी पाकळी, पदर घेतल्यासारखी,
पुढे मिटलेली होडी.
शेंगा फुगीर. वाळल्या की आत दाणे सुटतात
आणि वारा नसला तरी
शेळीचा पाय लागताच बोलतात.

बुट्टेनाथाच्या उतारावर, मुरमात,
मी गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून,
आणि कौसाबाई शेळ्या सोडून माझ्याकडं बघत उभी.
"काय हारवलं, बाई?"
काही नाही, ओळखतेय.
"त्यात काय वळखायचं? खुळखुळा हाय.
ह्यो बी खुळखुळा, त्यो बी खुळखुळा.
सोयरीक करायची का त्येच्यासंग?"

सोयरीकच म्हणा, कौसाबाई.
कूळ एकच आहे, गोत तपासतेय.

पानावरून कळत नाही, दोघांचं टोक बोथट.
रंगावरून तर मुळीच नाही,
रंग दुपारी एक असतो, उन्हं कलली की दुसरा.
खोडावरची लव बघावी म्हटलं
तर शेळ्यांनी घासून घासून ती कुणाचीच राहिलेली नाही.
देठ उचलावा लागतो.
फुलाचा देठ दांड्याला जिथे धरून असतो, तिथे, बुडाशी,
एकाला सुईच्या टोकाएवढी हिरवी काडी,
दुसऱ्याला अख्खं पान, बदामी, नखाएवढं.
पुस्तकात त्याला छद म्हणतात.
एवढाच फरक,
आणि कागदात दाबताना कधी कधी तोही तुटून पडतो.

कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत,
डांबरगोळ्यांच्या वासाच्या कपाटात
शीट नंबर दोनशे चौदा.
निळी शाई: बुट्टेनाथ दरी, उतार, मुरूम.
संग्राहक, म. वि. रापतवार.
आणि नाव, पहिल्याचं.
तेहतीस वर्षं पहिल्याचं.
ह्याच शीटवरून किती तुकड्या पहिला शिकल्या,
मीसुद्धा.
परवा डिंक सुटला, एक पान उचललं गेलं
आणि त्याच्याखाली, घडी पडून,
बदामी. नखाएवढं.

सरांच्या डोळ्यांत आता उजेड आणि अंधार, एवढंच उरलंय.
सांगायचं नाही असं ठरवूनच गेले होते.
दोन ताज्या फांद्या नेल्या, नुसत्या,
हाताला रान लागावं म्हणून.
सरांनी चहाची बशी बाजूला सारली,
एक शेंग कानाशी हलवली, मग दुसरी.
मग अंगठा देठावरून खाली,
खाली,
बुडाशी थांबला.
बराच वेळ.
"दोनशे चौदा?"

मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही.
बाहेर कुणीतरी मोटर बंद केली, टाकी भरली असावी.

"शेवटची एसटी होती," सर म्हणाले,
"आणि भिंग खिशात होतं."
मग तोंडी परीक्षेत विचारायचे तसं, हनुवटी वर करून:
"काय करशील?"
नवं लेबल लावते, सर.
"आणि जुनं?"
मी गप्प.
"जुन्याला हात लावायचा नाही.
चूक राहू दे तिथंच, सहीसकट.
खाली बारकी चिठ्ठी लाव. नाव, तुझं नाव, तारीख.
आणि तिच्याखाली जागा सोड."
किती, सर?
त्यांनी हवेत तीन बोटं आडवी धरली.

आज लावली चिठ्ठी.
हाताला डिंक, अक्षर जरा तिरकं आलं.
खाली तीन बोटं कोरी.
कपाटात सरकवताना
शीटच्या कोपऱ्यातल्या कागदी पुडीत
तेहतीस वर्षांचे दाणे खुळखुळले.
दुसऱ्याचेच, आता मला माहीत आहे.
पण आवाज
कौसाबाई म्हणते तसाच होता.